नातीच्या हातात कागद दे, तुझे हात मागे ठेव

खानापूर तालुका,
जि. बेळगाव

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. लग्नसराईतल्या पत्रिकांचं काम उरकलं, छापखाना जरा श्वास घेतोय, हे वाचून बरं वाटलं. पण पत्राच्या शेवटी नातीबद्दल चार ओळी लिहिल्यास, त्या काही डोक्यातून जाईनात. साडेचार वर्षांची पोर. अक्षरं रेघेबाहेर जातात, पेन्सिल दाबून धरते, टोक मोडते, म्हणून शाळेनं सांगितलं की घरी रोज दोन पानं लिहून घ्या. आणि तू विचारतोस, शिकवणी लावू का?

नको लावूस. पानंही लिहून घेऊ नकोस. तिच्या बुद्धीत काही खोट नाही. तिचा हात अजून लिहिण्याजोगा झालेला नाही, एवढंच आहे. आणि तो व्हायला जे लागतं ते तुझ्या कटिंग मशीनखाली रोज ढिगानं पडतं.

आधी हाताचं सांगतो. मनगटात आठ छोटी हाडं असतात. मूल जन्मतं तेव्हा ती हाडं नसतातच, नुसती मऊ कूर्चा असते. पुढं एकेक करत ती घट्ट होत जातात आणि शेवटचं हाड तयार व्हायला नववं-दहावं, कुणाला बारावं वर्षही लागतं. तुझ्या नातीच्या मनगटातली सगळी हाडं अजून भरलेलीही नाहीत. अशा हातात पेन्सिल दिली की मूल बोटांनी लिहीत नाही, खांद्यापासून लिहितं. बोटांत जोर नाही म्हणून सगळा हात दाबतं. टोक मोडतं ते त्यामुळं. दोन पानांची चार पानं केलीस तर टोकं तेवढी जास्त मोडतील आणि पोरगी वहीला भिईल. वहीला भ्यालेली मुलं माझ्याकडं पहिलीत येतात रे. त्यांची भीती काढण्यात अर्धं वर्ष जातं.

आता घडी घालताना हात काय करतो ते बघ. कागद मेजावर ठेवला, खालची कड उचलली, वरच्या कडेवर नेली. तिथं एका हातानं ती दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं मोड पक्की करायची. एक हात धरणारा, दुसरा फिरणारा. लिहिताना हेच लागतं, डाव्या हातानं वही धरायची आणि उजव्यानं लिहायचं. अंगठा आणि तर्जनीची चिमट लागते ती कोपरा उचलताना आपोआप येते. डोळा कोपऱ्यावर आणि बोट कोपऱ्यावर, हे दोन्ही एकाच वेळी ठेवायला लागतं. कात्री, बटण, चपलेचा बंद, पेन्सिल, या सगळ्यांना लागणारी ताकद इथं एका कागदात मिळते. आणि कागदाची गंमत अशी की तो लगेच सांगतो. कोपरा जुळला की दिसतं, नाही जुळला तरी दिसतं. मास्तरनं लाल शाईनं सांगायला नको.

तू म्हणशील, हे नवीन काय खूळ काढलंय. नवीन काहीच नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलनं 1837 साली लहान मुलांसाठी शाळा काढली आणि 1840 मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे बालोद्यान, असं नाव दिलं. आज आपण ज्याला केजी म्हणतो ते हेच. तुझी नात ज्या वर्गात बसते त्याचं मूळ तिथं आहे, आणि त्या मुळातल्या शिक्षणात कागदाच्या घड्या होत्या. पानं भरून घेणं नव्हतं. फ्रोबेल चौकोनी कागदापासून सुरुवात करायचा. त्यानं मुलांच्या कामाचे तीन प्रकार मानले होते. होडी, टोपी, घर अशा आयुष्यातल्या वस्तू. नुसत्या देखण्या नक्ष्या. आणि त्रिकोण, चौकोन, अर्धा, पाव अशा ज्ञानाच्या आकृत्या. तोच कागद, तेच हात, पण तीन वाटा. मला हे फार पटतं, कारण वर्गात पोरंही तशीच तीन तऱ्हेची असतात. एकाला होडी पाहिजे, एकीला चांदणी पाहिजे, आणि एखादा नुसता कागद उलगडून मोडी मोजत बसतो.

आणि आपल्याकडचं सांगतो. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी 1893 मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक काढलं. कल्पना सुचली कुठून, तर बालोद्यानातल्या त्या कागदाच्या घड्यांवरून, असं ते स्वतःच सुरुवातीला सांगतात. पुढं 1901 मध्ये ते शिकागोतही छापलं गेलं. पट्टी-कंपास न घेता, नुसत्या मोडी घालत समभुज त्रिकोण, पंचकोन, पुढं कितीतरी. लहान पोरांच्या खेळातून एवढं निघालं.

तुझ्या धंद्यातलंच बघ ना. एक मोठा ताव, तीन घड्या, सोळा पानांचा फर्मा, म्हणजे पुस्तकात शिवायचा एक जुडगा. तुझा बाइंडर हे हजारदा करतो, पण माझ्या दुसरीच्या पोरांना ते अजून नवल वाटतं. मी कागद एकदा मोडतो आणि उलगडण्याआधी विचारतो, किती घरं? दोन. परत मोडतो. चार. तिसऱ्यांदा मोडली की निम्मी पोरं ओरडतात, सहा! मग उलगडून मोजतात. आठ. पुढच्या घडीला पुन्हा कुणी दहा म्हणतं, कुणी बारा म्हणतं आणि एखादी मुलगी हळूच सोळा म्हणते. ती सोळा म्हणते तेव्हा फळ्यावरचा कुठलाही पाढा तिला जे देणार नाही ते तिला मिळालेलं असतं. वर्तमानपत्राचा अख्खा ताव घेऊन कोण किती वेळा मोडतो अशी पैज लावतो तेव्हा सातव्या घडीला 128 थर होतात आणि दोन पोरं वर बसली तरी कागद वाकत नाही.

पण हे दुसरीचं झालं. तुझ्या नातीपासून सुरुवात करू.

पहिले काही दिवस घडी नकोच. फाडू दे. वर्तमानपत्र दे आणि लांब पट्ट्या फाडायला सांग. दोन्ही हातांच्या चिमटीत कागद धरून एक हात पुढं, एक मागं, हे साडेचार वर्षांच्या हाताला चांगलं काम आहे. तुला ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, सांगायला नको. उभं फाडलं तर सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं तर वेडीवाकडी जाते. तिला सांगू नकोस, तिचं तिला सापडू दे. आमच्या शेजारच्या अंगणवाडीत तीन-साडेतीनची पोरं हेच करतात. फाडायचं, चुरगाळायचं, गोळे करून डब्यात टाकायचे. अख्खं वर्तमानपत्र एका हाताच्या मुठीत चुरगाळून बघ एकदा, तुझाही पंजा दुखेल.

मग चौकोन दे. मोठा दे, 20 सेंटिमीटरचा. लहान हाताला लहान कागद, असं लोकांना वाटतं, पण ते उलटं आहे. लहान कागदावर बोटं मावत नाहीत, चूक मोठी दिसते. कागद एका बाजूनं रंगीत आणि दुसऱ्या बाजूनं पांढरा असला तर फार सोपं पडतं, "रंग आत लपव" म्हटलं की झालं. आणि मेजावर किंवा फरशीवर ठेवूनच. हवेत धरून घडी घालायला लावलं की पोरं रडकुंडीला येतात.

पहिली घडी पुस्तकाची. कडेवर कड. दुसरी रुमालाची, म्हणजे तीच पुन्हा अर्धी. ह्या दोनच काही दिवस. कंटाळली तर "आजोबांना रुमालात शेंगदाणे बांधून दे" म्हणावं. कड जुळत नसेल तर समोरासमोरच्या कोपऱ्यांवर पेन्सिलीनं टिंब दे, टिंबाला टिंब भेटव म्हणायचं. मोड दाबताना मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला जायचं, नाहीतर कागद सरकतो. शेवटी नखानं. पोरांना ते नखानं घासणं लई आवडतं.

तिरपी घडी, म्हणजे कोपऱ्याला समोरचा कोपरा, ही जरा नंतर. तिथं कागदाला धरायला सरळ कड नसते म्हणून हात चळतो. बरीच मुलं पाचव्या वर्षाच्या आसपास ती नीट घालतात, काही आधी, काही उशिरा. शेजारच्या नातवाशी तुलना करू नकोस. तिरपी जमली की त्रिकोण आला, आणि त्रिकोण आला की जग उघडतं. दोन टोकं खाली वाकवली की कुत्र्याचे कान, वर वाकवली की मांजर. डोळे तिनंच काढायचे. तिथं पेन्सिल आपण होऊन हातात येते बघ, आणि टोक मोडत नाही.

त्यानंतर माझा सगळ्यात आवडता, पाण्याचा पेला. त्रिकोण कर, लांब कड खाली. खालचं एक टोक समोरच्या तिरप्या कडेवर आडवं नेऊन ठेव, दुसरं टोक त्याच्यावरून पलीकडच्या कडेला. वरची दोन पानं उरतात, एक पुढं वाकवायचं, एक मागं. झाला. खरंच पाणी राहतं, घटकाभर. होडी दिसायला छान, पण पेल्यातून पाणी पिता येतं, चुरमुरे खाता येतात, आणि आपण केलेली वस्तू उपयोगाला आली हे मुलाला कळतं. होडीची घाई करू नकोस. टोपी उघडून तिचा चौकोन करायचा जो टप्पा असतो तो सहा-सातच्या आधी बहुतेकांना जमत नाही, मग मोठी माणसं हातातून कागद ओढून घेतात.

आणि हेच मला तुला खरं सांगायचंय. कागद ओढून घेऊ नकोस. एक घडी वाकडी गेली, जाऊ दे. पेला गळला, गळू दे. तू छापखान्यात अर्ध्या मिलिमीटरवर भांडणारा माणूस, तुझ्या डोळ्याला ते खुपेल हे मला माहीत आहे. पण तू एकदा जरी तिच्या हातची घडी सरळ करून दिलीस तर ती घडी तुझी झाली. दुसऱ्या वेळी ती अर्ध्यात थांबेल आणि कागद तुझ्याकडं सरकवेल. मग हात घडला तो कुणाचा? शाळांतून भिंतीवर लावलेल्या देखण्या घड्या मी पुष्कळ बघितल्यात. एकसारखे ससे, एकसारखी कमळं. बघणाऱ्याला छान वाटतं, पण तिथं मुलाचा हात कुठं लागलाय ते हुडकावं लागतं. मला वाकडे ससे चालतात. वाकड्या सशात मुलाची पुढची पायरी दिसते, कुठली कड सुटते, कुठला हात धरत नाही.

मदत करायचीच तर तुझा वेगळा कागद घेऊन तिच्या शेजारी बस आणि तुझी घडी हळू घाल. शेजारी म्हणतोय, समोर नाही. समोर बसलास की तुझं उजवं तिचं डावं होतं आणि पोर गोंधळतं. वर्गात मी मुलांकडं पाठ करून कागद डोक्यावर धरतो, आणि उजवं-डावं न म्हणता "खिडकीकडचा कोपरा", "दाराकडचा कोपरा" म्हणतो. डावखुऱ्या मुलांचाही त्यात निभाव लागतो.

बोलायचं मात्र भरपूर. कोपरा, कड, मध्य, वर, खाली, आत, बाहेर, अर्धा, पाव. हे शब्द हातातल्या वस्तूवर ऐकलेले असले की पुढं गणितात अडत नाहीत. आमच्याकडं तर याचा फार मोठा आधार आहे. बहुतेक पोरांच्या घरी मराठी असली तरी वीटभट्टीवर कामाला आलेल्या घरांतली काही कन्नड बोलणारी, काही उर्दू बोलणारी मुलंही वर्गात येतात. नुसतं बोलून शिकवलं तर ती भिंतीकडं बघत बसतात. भट्टीवरची एक मुलगी कितीतरी दिवस तोंड उघडत नव्हती. पेल्याच्या दिवशी दोन टोकं आडवी न्यायची ती तिलाच सगळ्यात आधी जमली. मागची दोन पोरं अडली होती, त्यांच्याकडं वळून ही आपली कन्नडमध्ये "हिंग, हिंग", म्हणजे असं, असं, म्हणत बोटानं दाखवायला लागली. मग रांगच लागली तिच्यापाशी. त्या आठवड्यात तिनं मराठीत पाणी मागितलं, आणि वर्गातल्या पोरांनी तिचं "हिंग" उचललं. कागदाला भाषा लागत नाही म्हणून भाषा सुटी झाली, असं मला वाटलं.

आपल्या मुलखात हे हात होतेच रे. पानांचे द्रोण टाचणाऱ्या बायका अजून आमच्या गावात आहेत, पान दुमडून काडी टोचतात, खाली बघतही नाहीत. दुकानदार पुडी बांधायचा ती आठवते का, दोऱ्याशिवाय नुसती दुमडून खोचलेली? पोरं ते बघत मोठी व्हायची. आता प्लॅस्टिकची पिशवी आली आणि बघायला काही उरलं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांना बरोबर घेऊन आदिवासी मुलांची बालवाडी चालवली, तेव्हा त्यांनी पानं, बिया, खडे, माती हेच शिकण्याचं साहित्य केलं. महाग सामान आणलं नाही. त्या आधारावरच मी एका सकाळी द्रोण लावणाऱ्या आजींना वर्गात बोलावलं. पोरांनी आधी पान दुमडलं, मग कागद दुमडला. पान फाटतं म्हणून हात हलका ठेवायला शिकली, ते मी आयुष्यात शिकवू शकलो नसतो.

मोठ्या पोरांचं एक सांगतो आणि थांबतो, कारण हे तुला नक्की आवडेल. कसाही फाटका, वेडावाकडा कागदाचा तुकडा घे, ज्याला एकही सरळ कड नाही असा. एकदा कुठंही मोड. आता जी मोड आली, तिच्यावरच तिची दुसरी बाजू बसेल अशी पुन्हा मोड. जो कोपरा तयार झाला तो चोख काटकोन. सुतार काटकोन तपासायला वापरतो तो गुण्या नको, कोनमापक नको. माझी पोरं तो कोपरा खिशात घालून गावभर हिंडतात आणि खिडकी, पाटी, वीट, देवळाची पायरी, सगळ्यांना लावून बघतात. शाळेच्या फळ्याचा एक कोपरा काटकोनात नाही हे त्यांनीच मला दाखवलं. सुताराच्या मुलानं वडिलांचा गुण्या आणून ताडून पाहिलं, पोरं बरोबर होती.

घड्या घालून कुणी रातोरात हुशार होत नाही, हेही लिहून ठेवतो. माती मळणं, दाणे निवडणं, दोरी ओवणं, झाडावर चढणं हेही हाताला तेवढंच लागतं. पण तुझ्या घरात माती नाही, झाड नाही, कागद मात्र ढीगभर आहे. रोज संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं बस तिच्याबरोबर. उठून गेली तर जाऊ दे. वहीचं शाळेत मी सांगतो तसं सांग, की आम्ही घरी हाताची तयारी करून घेतोय, पानांना थोडं थांबा. ऐकतील. नाही ऐकलं तरी दोन पानांच्या चार ओळी कर.

आता कागदाचं. मागं तू पाठवलास त्या गठ्ठ्यातला मॅपलिथो, तो साधा छपाईचा कागद, उत्तम होता, 60 ते 70 जीएसएमच्या (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) वर जाऊ नकोस. पत्रिकांचं कार्ड बिलकूल नको, गुळगुळीत लेपाचा आर्ट पेपर नको, मोडीवर तडकतो आणि कड बोटाला कापते. पाकिटांच्या कामातला एका बाजूनं रंगीत कागद उरतो तो सगळा मला. आमच्याकडं पावसात कागद सर्दावतो, मोड बसतच नाही, म्हणून पॉलिथिनमध्ये गुंडाळून दे, मी पत्र्याच्या पेटीत ठेवतो. आणि एक कळकळीनं सांगतो. त्या गठ्ठ्यात काही चौकोन एका बाजूनं दोन मिलिमीटर जास्त होते. तुला ते रद्दीतलं काम, पण मुलानं कितीही जुळवलं तरी त्यात कोपरा बसत नाही, आणि मूल कागदाला दोष देत नाही, स्वतःच्या हाताला देतं. तेव्हा पोरांचे चौकोन कापताना मशीनला गुण्या लावून बघ. पत्रिकेला लावतोस तसा.

दसऱ्याच्या सुट्टीत नातीला घेऊन ये. खानापूरची बस धर, स्टँडवर मी घ्यायला येतो. पुस्तकाची आणि रुमालाची घडी तोवर तिची झालेली असेल, पेला आमची पोरं शिकवतील. 20 सेंटिमीटरचे तीनशे चौकोन आणि 15 चे जमतील तेवढे बरोबर आण.

वहिनींना नमस्कार, छकुलीला आशीर्वाद. पत्राचं उत्तर लगेच दे.

तुझाच,
मित्र